ग्रीक नाटकात तीनच नट का, मुखवटे का, खून आतच का? जरा सविस्तर सांगते

नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलंय की ग्रीक नाटकात तीनच नट का असायचे, मुखवटे कशाला, खून कायम आतच का व्हायचे, कोरसचं, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या ताफ्याचं, नेमकं काम काय, आणि हे सगळे नियम ॲरिस्टॉटलने घालून दिले होते का, कारण तिच्या नोट्समध्ये तसं लिहिलंय. आणि शेवटी, आज ग्रीक नाटक बसवायचं तर यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं. मी गेली बावीस वर्षं नाटकं बसवते, त्यात चार ग्रीक ट्रॅजेडी कॉलेजच्या मुलांना घेऊन मोकळ्या मैदानात केल्यात, त्यामुळे पुस्तकातलं आणि मैदानातलं दोन्ही मिळून सांगते.

आधी नोट्समधली चूक काढून टाकू. ॲरिस्टॉटलचा जन्म इ.स.पू. ३८४ चा. सोफोक्लीस आणि युरिपिडीस दोघंही ४०६ मध्ये गेले, एस्किलस तर त्याच्याही पन्नास वर्षं आधी. म्हणजे ज्यांच्या नाटकांवरून आपण "ग्रीक ट्रॅजेडीचे नियम" शिकतो ते तिघंही हा माणूस जन्मायच्या आधीच गेले होते. त्याचं पोएटिक्स हे काव्य-नाटकावरचं पुस्तक फार मोलाचं आहे, मी दर दोन-तीन वर्षांनी परत वाचते, पण ते मागून आलेल्या एका विलक्षण हुशार माणसाचं निरीक्षण आहे, नाटककारांच्या हातातलं रूलबुक नाही. आणि आपल्याकडे परीक्षेत हमखास येणारी ती "तीन ऐक्यं", स्थळ-काळ-कृती, म्हणजे एकच जागा, एकच दिवस, एकच गोष्ट, त्यातल्या स्थळाबद्दल ॲरिस्टॉटलने असा काही नियम सांगितलेलाच नाही, काळाबद्दल तो एवढंच म्हणतो की ट्रॅजेडी साधारण सूर्याच्या एका फेऱ्यात बसवायचा प्रयत्न करतात. त्याचे पक्के तीन नियम केले कास्तेल्वेत्रो नावाच्या इटालियन पंडिताने, इ.स. १५७० मध्ये. एस्किलसचं युमेनिडीस हे नाटक डेल्फीच्या देवळापुढे सुरू होतं आणि मध्येच अथेन्सला जातं, कोरस चक्क बाहेर निघून जातो आणि परत येतो. कसलं स्थळाचं ऐक्य!

मग हे संकेत आले कुठून? मला इतक्या वर्षांनी वाटतं की जवळजवळ सगळे एका जागेतून आले, नाचायच्या जागेतून. ग्रीकमध्ये ऑर्केस्ट्रा या शब्दाचा अर्थच तो. आज आपण वाजवणाऱ्यांना ऑर्केस्ट्रा म्हणतो, पण मुळात ती टेकडीच्या पायथ्याची सपाट केलेली, नाचायची जमीन. वरच्या उतारावर बघणारे बसतात ते थिएट्रॉन, म्हणजे बघायची जागा. तिथे आधी नाच होता, गाणं होतं, मग बऱ्याच काळाने त्यातून एक माणूस बाजूला झाला आणि बोलायला लागला. हा क्रम डोक्यात ठेवला की बाकीची कोडी आपोआप सुटत जातात. आपण उलटं करतो. आपल्या डोक्यात आधी पडदा, विंगा, दिवाणखान्याचा सेट आणि संवाद असतात आणि मग त्यात "कोरस नावाची अडचण" कुठे बसवायची हा प्रश्न पडतो.

तर सुरुवात. अथेन्समध्ये वसंताच्या तोंडावर, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, डायोनिससचा मोठा उत्सव असायचा. डायोनिसस म्हणजे द्राक्षाचा, वाइनचा, अंगात येण्याचा देव. त्याच्या नावाने डिथिरॅम्ब नावाचं समूहगान व्हायचं, पन्नास जणांचा ताफा गोल फिरत गायचा-नाचायचा. अथेन्सच्या दहा गणांपैकी प्रत्येकाचा एक पुरुषांचा आणि एक मुलांचा ताफा, म्हणजे एका उत्सवात पाचशे पुरुष आणि पाचशे मुलं फक्त याच्यासाठी उतरायची. आता विचार कर, प्रेक्षकांत बसलेल्यांपैकी कितीतरी जण स्वतः कधी ना कधी त्या जमिनीवर नाचलेले असणार. ॲरिस्टॉटल म्हणतो की ट्रॅजेडी या डिथिरॅम्बच्या म्होरक्यांपासून निघाली आणि कॉमेडी लिंगपूजेच्या मिरवणुकीतल्या गाण्यांच्या म्होरक्यांपासून. ट्रॅजेडी या शब्दात तर बोकड आहे, त्रागोस म्हणजे बोकड आणि ओडे म्हणजे गाणं, बोकडगीत. बोकड बळी द्यायचे म्हणून, बक्षीस मिळायचा म्हणून, की बोकडाची कातडी पांघरायचे म्हणून, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत आणि चालू राहतील.

परंपरेने पहिला नट मानतात तो थेस्पिस, साल सांगतात इ.स.पू. ५३४ च्या आसपासचं. त्याने कोरसच्या समोर उभं राहून पात्र म्हणून बोलायला सुरुवात केली म्हणतात. नटाला ग्रीकमध्ये हिपोक्रितीस म्हणायचे, त्याचा अर्थ उत्तर देणारा किंवा उलगडून सांगणारा. मला हा शब्द फार आवडतो. कोरस विचारतो आणि हा उत्तर देतो, सगळं नाटक एवढ्यावर उभं आहे. मग एस्किलसने दुसरा नट आणला, आणि तेव्हाच दोन पात्रांचं आपापसात भांडण शक्य झालं, आणि सोफोक्लीसने तिसरा. तिथेच थांबले. चौथा बोलणारा नट ट्रॅजेडीत आला नाही, मूक पात्रं हवी तेवढी, सैनिक, दासी, मुलं, पण बोलणारे तीन.

आता तीनच का, हा तुझा मूळ प्रश्न. एक कारण स्पर्धेचं आहे. तीन कवी निवडले जायचे, प्रत्येकाला एक पूर्ण दिवस, तीन ट्रॅजेडी आणि वर एक सॅटर नाटक (अर्धे माणूस, अर्धे प्राणी अशा सॅटरांच्या कोरसचं थट्टेचं नाटक), आणि मुख्य नट पुढे पुढे चिठ्ठ्या टाकून वाटून द्यायला लागले, खर्च नगराचा. ४४९ च्या सुमारास नटांसाठी वेगळं बक्षीसही सुरू झालं. सगळ्यांना सारखं सामान मिळालं तरच स्पर्धा. पण मला यापेक्षा दुसरं कारण जास्त पटतं, की मुखवटा असल्यावर तीनपेक्षा जास्त माणसांची गरजच पडत नाही, आणि हजारो लोकांसमोर तीनपेक्षा जास्त मुखवटे एकदम बोलायला लागले तर आवाज कुठून येतोय तेच कळत नाही.

आणि या तीनच्या मर्यादेतून त्यांनी जे काढलंय ना, ते बघून मी दर वेळी थक्क होते. दोन जागा सांगते, दोन्ही एस्किलसच्या ओरेस्टिया या तीन नाटकांच्या मालिकेतल्या, इ.स.पू. ४५८ च्या. पहिल्या नाटकात ॲगॅमेम्नॉन ट्रॉय जिंकून घरी येतो, सोबत रथात कॅसांड्रा, पकडून आणलेली राजकन्या. ती गप्प. राणी क्लायटेम्नेस्ट्रा नवऱ्यासाठी जांभळ्या-लाल रंगाची भारी वस्त्रं जमिनीवर अंथरते, तो नाही नाही म्हणत शेवटी त्यांवरून चालत दारातून आत जातो. मग राणी बाहेर येऊन कॅसांड्राला म्हणते, चल आत. ती गप्प. परत म्हणते, ती गप्प. कोरस समजावतो, तरी गप्प. जवळजवळ तीनशे ओळी ही बाई नुसती उभी आहे. तिसरा नट तेव्हा नवीनच गोष्ट होती, त्यामुळे प्रेक्षक धरून चालले असणार की ही मूक पात्रातली आहे. राणी चिडून आत जाते आणि मग अचानक ती मूक बाई किंचाळते, शब्दसुद्धा नाही, नुसता हंबरडा, आणि मग देवाला अपोलो, अपोलो अशी हाक. आजही वाचताना काटा येतो.

दुसरी जागा पुढच्या नाटकातली. ओरेस्टीस बापाच्या खुनाचा बदला घ्यायला परत येतो, सोबत मित्र पायलाडीस, हाही नाटकभर गप्प. आईला मारायची वेळ येते, आई पदर बाजूला करून म्हणते ही छाती बघ जिथे तू दूध प्यायलास, आणि ओरेस्टीसचा हात थांबतो. तो वळून विचारतो, पायलाडीस, काय करू? आणि पायलाडीस बोलतो. तीन ओळी. अपोलोच्या आज्ञेचं मग काय, सगळ्या माणसांशी वैर पत्कर पण देवांशी नको. बस. परत शेवटपर्यंत एक शब्द नाही. देवाचा आवाजच आल्यासारखं वाटतं. आम्ही हे बसवलं तेव्हा पायलाडीस करणारा मुलगा पहिल्या आठवड्यात नाराज होता, तीन वाक्यांचा रोल म्हणून, आणि प्रयोगानंतर सगळ्यात जास्त लोक त्यालाच भेटायला आले.

एकाच नटाने बऱ्याच भूमिका करायच्या याचाही ते अर्थ काढायचे. युरिपिडीसच्या बॅकीमध्ये पेन्थियस राजा आणि त्याची आई अगावे एकाच नटाने केले असणार असं बहुतेक अभ्यासक मानतात, दोघं स्टेजवर एकत्र येतच नाहीत. आई वेडाच्या भरात स्वतःच्या मुलाला फाडते आणि सिंह मारला म्हणून त्याचं डोकं हातात घेऊन नाचत येते. ते डोकं म्हणजे बहुतेक पेन्थियसचाच मुखवटा. म्हणजे नट मघाशी ज्या चेहऱ्याने बोलत होता तोच चेहरा आता त्याच्या हातात आहे आणि तो त्या चेहऱ्याची आई झालाय. (इ.स.पू. ५३ मध्ये पार्थियन लोकांनी रोमन सेनापती क्रॅससला मारलं तेव्हा आर्मेनियाच्या दरबारात बॅकीचा हा प्रवेश चालू होता आणि नटाने क्रॅससचं खरं डोकं उचलून तो म्हटला, असं प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो.)

मुखवट्यांकडे येऊ. एकही खरा मुखवटा टिकलेला नाही, कारण ते कापडाचे, चिकटवून कडक केलेल्या लिननचे असायचे, कुजून गेले. आपल्याला कळतं ते मातीच्या प्रतिकृतींवरून आणि भांड्यांवरच्या चित्रांवरून. नेपल्सच्या म्युझियममध्ये प्रोनोमोसचं भांडं म्हणतात ते आहे, साधारण इ.स.पू. ४०० चं, त्यावर अख्खी नाटकमंडळी आहे, मुखवटे हातात धरून गप्पा मारतायत. ते बघितल्यावर कळतं की मुखवटा नुसता चेहऱ्यावर नव्हता, केसांसकट अख्खं डोकं झाकायचा, टोपासारखा घालायचा. आणि तोंड फार मोठं उघडलेलं नव्हतं. तो आ वासलेला मुखवटा आणि ते उंच टाचांचे बूट, जे आपण पुस्तकांच्या कव्हरवर बघतो, ते नंतरच्या काळातले. पाचव्या शतकात नटाच्या पायात मऊ चामड्याचे बूट होते, नाचता येईल असे. मुखवट्यात कर्णा असायचा आणि त्याने आवाज मोठा व्हायचा ही गोष्टही सोडून दे, तिला पुरावा नाही.

आम्ही मुखवटे केले ते जुन्या सुती साड्यांचे तुकडे खळीत बुडवून, मातीच्या साच्यावर चार-पाच थर देऊन. वाळल्यावर हलके आणि कडक होतात. पहिल्या दिवशी मुलांनी ते घातले आणि नेहमीसारखी, एकमेकांकडे तोंड करून, संवाद म्हणायला लागली. मी उतारावर वर जाऊन बसले तर काहीच दिसेना. नुसत्या कडा. मुखवटा बाजूने धरला की मरतो. मग त्यांना समोर वळवलं, बोलायचं दुसऱ्याशी पण चेहरा प्रेक्षकांकडे, आणि एकदम जिवंत झालं. आणखी एक कळलं की बोलतोय कोण ते लांबून ओळखू येत नाही, त्यामुळे बोलणाऱ्यानेच हलायचं आणि बाकीच्यांनी स्थिर उभं राहून ऐकायचं, नाहीतर प्रेक्षक भलत्याच माणसाकडे बघत बसतो. मान दोन बोटं खाली केली की भुवईची सावली डोळ्यात पडते आणि चेहरा खचलेला दिसतो, हनुवटी उचलली की तोच चेहरा आव्हान देतो. एकही स्नायू हलला नाही आणि भाव बदलला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे संहितेतल्या ओळी अचानक कळायला लागल्या. "अरे रडतेस का, डोळे पुसून टाक" किंवा "तुझा चेहरा असा का उतरलाय" अशा ओळी ग्रीक नाटकात सारख्या येतात आणि वाचताना त्या बाळबोध वाटतात, पण मुखवटा रडू शकत नाही ना, मग अश्रू शब्दाने दाखवायचे, आणि प्रेक्षकाला ते खरंच दिसतात. तसंच "हा बघा क्रिऑन येतोय" असं कोरस आधीच सांगतो, कारण बाजूच्या लांब वाटेवरून चालत यायला नटाला वेळ लागतो आणि तो येईपर्यंत लोकांना कळायला हवं की हा कोण.

म्हणजे सगळं ओझं आवाजावर. सोफोक्लीसने स्वतः काम करणं सोडलं ते आवाज लहान होता म्हणून, असं त्याच्या जुन्या चरित्रात आहे. आणि कान किती तयार होते त्यांचे, त्याचा किस्सा हेगेलोखोस नावाच्या नटाचा. ४०८ मध्ये युरिपिडीसच्या ओरेस्टीसमध्ये वाक्य होतं, लाटांनंतर मला परत शांत समुद्र दिसतोय. त्यातला शब्द गालेना, म्हणजे शांत समुद्र, पुढच्या शब्दामुळे त्याचा शेवटचा स्वर गळतो. याचा श्वास तिथे तुटला, स्वराचा चढउतार चुकला आणि शब्द झाला गालेन, म्हणजे मुंगसासारखं ते वीझल. लाटांनंतर मला वीझल दिसतंय. सगळं थिएटर हसलं, आणि कॉमेडीवाले तीन-तीन वर्षांनीसुद्धा त्यावरून टोमणे मारत होते, ॲरिस्टोफेनीसच्या फ्रॉग्जमध्ये ते आहे. एका स्वराचा उतार चुकला तो वरच्या ओळीत बसलेल्यालाही कळला.

जागेबद्दल एक गैरसमज. आपण फोटो बघतो तो एपिडॉरसचा, पंचावन्न ओळींचं दगडी, अप्रतिम गोल थिएटर. पण ते चौथ्या शतकातलं आहे, ही नाटकं लिहिली गेल्यानंतरचं. सोफोक्लीसच्या वेळेला अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर लाकडी बाकं होती, अलीकडचे बरेच अभ्यासक तिथे साधारण सहा-सात हजार माणसं बसत असावीत असं मानतात, दगडी बांधकाम पुढच्या शतकात लायकर्गस या अथेन्सच्या पुढाऱ्याच्या काळात पुरं झालं. जमीन अगदी गोलच होती असंही समजू नकोस, अथेन्सच्याच अ‍ॅटिका प्रांतातल्या थोरिकोसला जुनं थिएटर आहे त्याची नाचायची जागा लांबट आहे. आणि दिवसा, उन्हात. लाइट नाही, ब्लॅकआउट नाही, पडदा नाही.

पडद्यावरून आठवलं, आपल्याकडे संस्कृत नाटकातल्या "यवनिका" शब्दावरून कुणी कुणी सांगतात की आपलं नाटक ग्रीकांकडून आलं. एकोणिसाव्या शतकात वेबर, विंडिश वगैरे जर्मन पंडितांनी तो वाद मांडला. पण अथेन्सच्या त्या नाटकात पडदाच नव्हता, मग पडद्याचा शब्द त्यांच्या रंगभूमीवरून कसा येणार? यवनांकडचं कापड एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, आणि जवनिका असाही पाठ आहे. ग्रीक लोक थिएटर घेऊन पूर्वेकडे आले हे मात्र खरं, अफगाणिस्तानात आमू दर्याकाठी आय खानूमला त्यांचं थिएटर उत्खननात सापडलंय.

आता खून आत का. लोक म्हणतात ग्रीकांना रक्त दाखवणं असभ्य वाटायचं. मला हे पटत नाही, कारण त्याच नाटकांत डोळे फोडलेला ईडिपस बाहेर येतो, फाडलेल्या पेन्थियसचे तुकडे आणतात, आणि सोफोक्लीसच्या एजॅक्समध्ये तर नायक तलवारीवर पडतो ते बहुधा प्रेक्षकांसमोरच. कारणं साधी आहेत. तीन नटांतला एक मेला आणि स्टेजवर पडून राहिला तर पुढची भूमिका कोण करणार, पडदा नाही मग उठून कसा जाणार? आणि दुसरं म्हणजे दार. ओरेस्टियाच्या सुमारास ऑर्केस्ट्राच्या मागे लाकडी घर आलं, स्कीनी, मूळ अर्थ तंबू किंवा खोपट, नट कपडे बदलायचे ती जागा. एस्किलसने त्या खोपटाचा राजवाडा केला. ॲगॅमेम्नॉन नाटकाची पहिली ओळ छपरावर पडून जागत बसलेल्या पहारेकऱ्याची आहे. आणि मग ते दार. आत कोण जातंय, दार कुणाच्या ताब्यात आहे, आतून ओरडण्याचा आवाज येतोय आणि बाहेर कोरसमधले बारा म्हातारे आत जावं की नाही याची चर्चा करतायत, अशी सगळी भीती त्या बंद दारावर उभी केली. मेल्यावर दार उघडून चाकांचा फलाट बाहेर ढकलायचे, एक्किक्लीमा, त्यावर प्रेतं. आणि आत काय झालं ते दूत येऊन सांगतो. दूताचं भाषण म्हणजे माहिती सांगायचा मधला कंटाळवाणा भाग असं समजून आपण कापतो, हे फार चुकतं, तो नटाचा सगळ्यात मोठा तुकडा असायचा, सत्तर-ऐंशी ओळी एकट्याने अख्खा प्रसंग उभा करायचा.

यंत्र अजून एक, मेखानी, म्हणजे क्रेन, देव हवेतून आणायला. ४३१ मध्ये युरिपिडीसच्या मीडियामध्ये मुलांना मारून ती सूर्याच्या रथात उंचावर दिसते, जिथे देव दिसायचे तिथे. ॲरिस्टॉटलला हा शेवट आवडला नाही. त्या वर्षी युरिपिडीस तिघांत तिसरा आला. ॲरिस्टोफेनीसच्या "पीस" या कॉमेडीमध्ये नायक शेणकिड्यावर बसून स्वर्गात निघतो आणि घाबरून क्रेन चालवणाऱ्यालाच ओरडतो, बाबा रे जरा जपून.

कोरस. याच्यावर मी तासभर बोलू शकते. आधी बारा, सोफोक्लीसपासून पंधरा, कॉमेडीत चोवीस. व्यावसायिक नट नव्हेत, अथेन्सचे साधे नागरिक, महिनोन्‌महिने तालीम करून आलेले. खर्च एका श्रीमंत नागरिकावर टाकलेला, त्याला खोरेगोस म्हणायचे. एका खोरेगोसचं कोर्टातलं भाषण टिकलंय, तो सांगतो ट्रॅजेडीच्या कोरसवर मी तीस मिना, म्हणजे तीन हजार द्राख्मा घातले, आणि कुशल कारागिराची दिवसाची मजुरी तेव्हा साधारण एक द्राख्मा. इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसच्या पर्शियन्सचा खोरेगोस होता तरुण पेरिक्लीस, पुढे अथेन्सचा मोठा पुढारी झाला तो. टिकलेल्यांपैकी हे सगळ्यात जुनं नाटक. ग्रीकांनी इराण्यांना हरवलं त्या सालामिसच्या लढाईला आठच वर्षं झालेली, आणि नाटक घडतं शत्रूच्या राजधानीत, शत्रूच्या राजाच्या आईच्या दुःखावर. ज्यांनी ती लढाई मारली तेच प्रेक्षकांत बसलेले.

ताज्या घटनेवर नाटक हे अपवादानेच, बाकी सगळं पुराणकथांवर, आणि त्याचंही एक कारण हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो. इराण्यांनी ४९४ मध्ये मिलेटस हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केलं, फ्रिनिखसने त्यावर नाटक केलं, सगळं थिएटर रडलं, आणि "आमचंच दुःख आम्हाला आठवून दिलं" म्हणून त्याला हजार द्राख्मा दंड केला आणि ते नाटक परत कुणी करायचं नाही असा हुकूम काढला. दुःख लांबच्या राजघराण्याचं असलं की बघवतं.

तर आपल्या लोकांची कोरसबद्दलची नेहमीची चूक ही, की त्याला सूत्रधार करतात. सूत्रधाराला पुढचं माहीत असतं, तो कथेच्या बाहेर उभा असतो. ग्रीक कोरसला काही माहीत नसतं, तो त्या गावात राहतो, राजा चुकला तर भोगणार तोच आहे, आणि तो घाबरतो, चुकीचा अंदाज करतो, बाजू बदलतो. दुसरी चूक म्हणजे सगळ्यांनी एका सुरात बोलायचं, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं. ते बोलत नव्हते, गात होते आणि नाचत होते, ऑलोस नावाच्या जोडपाव्यावर, आणि वाजवणारा बिनमुखवट्याचा त्यांच्यातच उभा. एक कडवं, मग त्याच मात्रांचं हुबेहूब दुसरं कडवं. नट मात्र बोलीच्या जवळच्या साध्या छंदात बोलायचा, आणि दुःख फार झालं की तोही गाण्यात जायचा. कॅसांड्रा गाते आणि कोरस बोलतो, मग हळूहळू उलटं होत जातं, ती शांत होते आणि कोरस गाण्यात ओढला जातो. भाषांतरात हे सगळं सपाट होतं. पु.लं.नी ईडिपस "राजा ओयदिपौस" म्हणून मराठीत आणलं, आणखीही भाषांतरं आहेत, पण कुठलंही घेतलंस तरी गाण्याच्या जागा तुलाच शोधून भराव्या लागतील.

तर तुझा शेवटचा प्रश्न. स्त्री भूमिका पुरुषांनीच करायच्या हा संकेत खुशाल सोड. तीन नट ठेवून बघ, बाकी कुठल्या संकेताने नाही इतकी मजा त्याने येते, आणि कोरसच्या गाण्यांच्या लांबीवरून आत कपडे बदलायला किती वेळ आहे ते मोजून बघ, बरोबर पुरतो. पंधरा माणसं नसतील तर कोरसमध्ये सात घे पण कोरस कापू नकोस. पहिले आठ-दहा दिवस संहिता बाजूला ठेवून त्यांना मैदानात चालव, एका तालात, बोलत बोलत, धापा न टाकता, आणि तू स्वतः सगळ्यात लांब जाऊन बस. प्रयोग शक्यतो दुपारी उन्हं कलताना लाव, लाइट भाड्याने घेऊच नकोस. मुखवटे पहिल्या दिवसापासून घालायला दे, रंगीत तालमीलाच पहिल्यांदा दिलेस तर मुलं आतून स्वतःचाच चेहरा करत राहतात. आणि खळ ज्या दिवशीची त्या दिवशीच शिजव, रात्रीची ठेवली तर सकाळी आंबते, कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात तो अजिबात घालू नकोस, तोंडावर बांधायचेत.